आधी धक्का, मग चहा

धक्काभाईंच्या घरी रिकाम्या हाताने गेलं तरी चालायचं, पण नव्या चपला घालून गेलं की पस्तावायची पाळी यायची. फाटकातून आत पाऊल टाकताच भाई सोप्यावरून ओरडायचे, "येयात, येयात! आदी धक्को, मागीर च्या!" आणि पाहुण्याच्या हातातली पिशवी काढून घेऊन त्याला मागच्या मांगराकडे चालवायचे. एके काळी तिथे काजूच्या बिया साठवत. पुढे त्यांची जागा म्हाताऱ्या गाड्यांनी घेतली. एक जीप, एक अँबॅसिडर, एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या दोन फियाट, काही स्कूटर. आज कोणाला उन्हात न्यायचं हे भाईंनी सकाळीच ठरवलेलं असे. पाहुण्याने फक्त खांदा द्यायचा.

पेडण्याच्या सरकारी कचेरीत ते माझे साहेब होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात, हे गाड्या जमवायला लागले. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, आणि शिकायची इच्छाही नव्हती. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "चालवतल्याक रस्तो दिसता रे. गाडी खंय दिसता?" मी जीपच्या मागे जाऊन उभा राहिलो.

सत्यनारायणाला आलेले भटजी असोत, विम्याचा एजंट असो, भाईंच्या दरबारात सगळे सारखे. त्यांच्या पुतणीला बघायला आलेल्या मुलाने कोट घालून अँबॅसिडर ढकलली, काखेत कोट उसवला, आणि भाईंनी पत्रिका न बघताच लग्न पक्कं केलं. "खांदो लावून धकलता तो आपलो, बोटां टेकता तो पावणो," हा त्यांचा माणूस पारखायचा हिशेब होता. तो जावई आजही पेडण्याला आला की फाटकातच चपला काढतो.

गाड्यांची डागडुजी करायला मिस्त्री होता. मूळचा गडहिंग्लजचा, पाळी गावात खाणीच्या ट्रकांवर काम करायचा. खाणी बंद पडल्या तसा इकडे आला. मालकाचं बोलणं त्याला निम्मं कळायचं नाही आणि कळलेलं पटायचं नाही. भाई गाड्यांना एकादशीचा उपास घडवत. त्या दिवशी पेट्रोलचा थेंब नाही. मिस्त्री वैतागून म्हणायचा, "मालक, पेट्रोलमधी काय कांदा-लसूण असतंय व्हय?" भाई शांतपणे उत्तर द्यायचे, "म्हणान तर धकलूंया म्हणतंय." पावसाळ्यात जीपचा आवाज बसला म्हणून त्यांनी तिच्यासमोर सुंठीचा काढा ठेवला होता. तो मिस्त्रीने प्यायला, आणि दुसऱ्या दिवशी जीपला बरं वाटतंय असं भाईंनी सगळ्यांना सांगितलं.

पण या सगळ्यांची राणी होती ती कारेर. गोव्यातली जुनी माणसं बसला कारेर म्हणतात. लाकडी अंगाची, मागून दार असलेली, रबरी भोंग्याची ती बस एके काळी या भागात धावायची. भाईंचं लग्न नार्व्याला झालं, त्या लग्नाची वरात हिच्यातूनच पेडण्याला आली, म्हणजे यायची होती. अस्नोड्याच्या चढावर ती बंद पडली. वऱ्हाडी उतरले. नवरदेवाने मुंडावळ्या कानामागे खोवल्या आणि खांदा लावला, आणि नवी नवरी आत एकटी बसून राहिली. घामाघूम होऊन भाई परत चढले तेव्हा त्यांनी वहिनींना शब्द दिला, "एकदा तुका ह्याच गाडयेन नार्व्याक नेतलंय. एकदाय न धकलता." हा शब्द पाळायचा म्हणून आयुष्यभर त्यांनी त्या बसचा माग काढला, आणि शेवटी कुणाच्या तरी कुळागरात, सुपारीच्या बागेत, आत कोंबड्या अंडी घालत आहेत अशा अवस्थेत ती त्यांना सापडली.

ती आणली तो काळ वाईट होता. एकुलता एक मुलगा पोर्तुगालला कायमचा गेला होता, आणि भाईंनी बोलणंच टाकलं होतं. मी भेटायला जायचो तर तासभर नुसते भिंतीकडे बघत बसायचे. मला त्यांची भीती वाटायला लागली होती. बस मांगरात न्यायला म्हणून वाड्यावरचे सगळे धावले, आणि ढकलताना भाई जे बोलायला लागले ते बोलतच राहिले. मग एकेक गाडी येत गेली, माणसं येत गेली. वहिनी मोठ्या पातेल्यात चहा टाकू लागल्या.

मिस्त्रीने बसचं इंजिन नीट केलं, फणसाच्या फळ्यांची बाकं बसवली, पत्रा रंगवला. आता वहिनींच्या माहेरी माघात वर्षाचं देवकार्य असतं, त्याला बस न्यायची असं ठरलं. पण भाई म्हणाले, "तिका इचारूक नको? म्हातारी ती." देवाला कौल लावतात तसा त्यांनी बस अंगणात मधोमध उभी करून तिला कौल लावला. बॉनेटवर पाण्याने दोन पाकळ्या चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर जायचं, डावी पडली तर नाही. हात जोडून गाऱ्हाणं घातलं, आम्ही मागून "व्हय म्हाराजा" म्हटलं. डावी पडली.

दर वर्षी डावीच पडायची. कौल नाही म्हणजे सेल्फला हात लावायचा नाही. मग तिला वाईट वाटू नये म्हणून आम्ही सगळे मिळून तिला देवळापर्यंत ढकलत न्यायचो आणि ढकलत आणायचो. भाई कधी आत बसले नाहीत. शिटी फुंकत बाजूने चालायचे आणि रिकाम्या बसला ओरडायचे, "फुडें वचात, फुडें वचात, मागे जागा करात!" नव्या विमानतळाकडे जाणाऱ्या टॅक्सीतून एकदा परदेशी पाहुणे उतरले. मिरवणूक आहे असं समजून त्यांनीही खांदा दिला, आणि चहाही घेतला. वहिनी मात्र दुसऱ्या दिवशी नारळाची पिशवी घेऊन साध्या बसने नार्व्याला जायच्या. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटायचं.

भाईंची आणखी एक खोड मला कधी उमगली नव्हती. दिवाळीनंतर वहिनी अंगणाला माती घालून, चोपून, सारवून नवं करायच्या. ते वाळलं की भाई मधोमध उकिडवे बसत, एक सुपारी जमिनीवर ठेवत, ती गडगडत कुठे जाते ते बघत, आणि "बरां जालां" म्हणून उठत. सुपारी खिशात टाकून ते पुन्हा मांगराकडे वळत.

यंदा माघ उजाडायच्या आधीच भाई गेले. ताप आला काय आणि आटोपलं काय. मुलगा येऊन विधी करून गेला. त्याने गाड्या कुणाला तरी देऊन टाकायचं सुचवलं, तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, "देवकार्य होवंदे." थोड्या अस्थी त्यांनी नार्व्याच्या नदीत सोडण्यासाठी मागे ठेवून घेतल्या होत्या. अंगणातल्या झाडाला त्यांचा कलश टांगलेला होता.

कौलाच्या दिवशी कुणी न बोलावता आम्ही सगळे जमलो. भटजी होते, तो जावई होता. बसभोवती उभे राहिलो. भटजींनी पाकळ्या लावल्या, गाऱ्हाण्याला सुरुवात केली. मला रडू आवरत नव्हतं. डावी पाकळी नेहमीसारखी सुटायला लागली. तेवढ्यात वहिनी कलश कडेवर घेऊन पुढे आल्या आणि बोटाने टिचकी मारून त्यांनी उजवी पाकळी खाली पाडली.

"वहिनी, असो कौल जायना!" भटजी दचकून म्हणाले.

"इतकी वर्सां जालो तो तरी खंय देवान दिल्लो? आंगण डावीकडेन देंवता, उतारच आसा तसो. दर दिवाळेक मीच करतंय तसां."

मग त्यांनी आवाज खाली आणला. "कारेर नार्व्याक पावली असती, तर तुमी मागीर कित्याक येतलात? हे परत वणतीकडे बघत बसले असते."

मला ती डावीकडे गडगडत जाणारी सुपारी आठवली, आणि भाईंचं ते "बरां जालां" आठवलं. हे नवरा-बायको वर्षानुवर्षं एकमेकांना एक अक्षर न सांगता तेच करत आले होते.

वहिनी कलश घेऊन बसमध्ये चढल्या, आणि आम्ही सगळे, भटजीसुद्धा, सवयीने मागे जाऊन हात टेकवून उभे राहिलो. "पन इंजिन चालंल काय?" जावयाने विचारलं. मिस्त्रीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "न चालायला काय झालं? मालक म्हापशाला गेलं की वहिनींना इचारून मी चालू करतोच की. शेजारच्यास्नी वाटायचं गिरण लागली." आणि त्याने सेल्फ मारला.

आम्ही तयारीत नव्हतो. बस आपल्या आपण पुढे गेली आणि तिच्यावर भार टाकून उभे असलेले आम्ही सगळेच्या सगळे तोंडावर पडलो. भटजींच्या नाकाला शेण लागलं, माझा चष्मा जावयाच्या खाली सापडला. फाटकाजवळ बस थांबली, मागचं दार उघडलं. भाई गेल्यापासून वहिनी पहिल्यांदा हसत होत्या. "उठा रे, चडा आता," त्या म्हणाल्या.

भाई लग्नानंतर पहिल्यांदाच आत बसले होते, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, वहिनींच्या मांडीवर. म्हापसा गेला, अस्नोड्याचा चढ आला. बस जराही न अडखळता चढायला लागली. मी आजूबाजूला बघितलं, तर प्रत्येकाने समोरच्या बाकाच्या पाठीला खांदा लावला होता. भटजी दातओठ खाऊन ढकलत होते. वहिनींनी कलश एका हाताने पोटाशी धरला होता, आणि दुसरा हात मिस्त्रीच्या मागच्या फळीवर टेकवून त्याही ढकलत होत्या.