शेजारच्या माडीची उंची

पहिल्या धिऱ्याची पाचर ठोकली आणि भिंतीवरचा कागद टर्रकन फाटला.

भेगेवर खळीनं कागदाची पट्टी चिकटवतात. कागद शाबूत, तर भिंत स्थिर. फाटला, तर भिंत सरकते आहे. धिरा म्हणजे भिंतीला दिलेला लाकडी टेकू. इथे आमचा टेकूच भिंत ढकलत होता.

"पाचर ढिली करा!" मी ओरडलो.

नगरच्या जुन्या पेठेत दोन घरांच्या मधलं पडकं घर उतरवून एका शेठजींचं कापडाचं दुकान बांधायचं होतं. डिझाइन माझं. मी पारनेरच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. शेठजींनी माझ्यासारख्या नवख्याला काम दिलं, हे मी अजून विसरलेलो नाही. पेठेतली घरं एकमेकांना रेलून उभी असतात. मधलं काढलं, की शेजारच्या भिंती उघड्या पडतात. म्हणून मोकळ्या जागेत आडवे धिरे लावत होतो.

डावीकडचं घर बाबूभाई बागवानांचं. माडीवर त्यांची बायको आणि मुलगी; मुलगी चार दिवसांची बाळंतीण. जिना त्याच भिंतीत बसवलेला, त्यामुळे तिला खाली आणणंही धोक्याचं.

"इंजिनेरसाब, पोरगी वर हाय," बाबूभाई म्हणाले. "मी काय करू, ते सांगा."

शेठजी म्हणाले, "अहो, दुसरा धिरा ठोका. जोर वाढवा."

सखाराम गवंडी साठीचे. त्यांनी हातोडा खाली ठेवला. "रावसाहेब, ह्यांच्या माडीची जमीन कुठंशी येती, बघितलं का तुमी?"

धिरा माडीच्या जमिनीच्या रेषेत लागला, तर आतल्या तुळया त्याला तोलून धरतात. वर-खाली लागला, तर भिंत आत जाते. मी ती रेषा रस्त्यावरून, खिडकी बघून ठरवली होती. वर बायकांचा पडदा. विचारायलाच लाजलो होतो.

तसं कबूल केलं. शेठजी भडकले. "मग आता बाळंतिणीच्या खोलीत शिरणार?"

"शिरायचं कशाला?" सखाराम म्हणाले. "बाबूभाई, भाबीला म्हनावं, बत्ता घ्या आन् जमिनीला लागून भितीवर ठोकत चला."

बाबूभाईंनी हाक दिली. सगळे गप्प झाले. भिंतीतून ठक, ठक आलं. शिडीवर चढून सखारामांनी कान लावला, गेरूची खूण केली. पुढे सरकले. पुन्हा खूण.

"और कित्ता ठोकूं?" वरून बाई ओरडल्या. "बच्ची अब्बीच सोई!"

"बास, भाबी! निजू द्या तिला."

खुणांची रेघ माझ्या धिऱ्याच्या दीड हात खाली होती.

त्या रेषेत नवा धिरा लावला, पाचर हलक्या हातानं ठोकली, मग वरचा काढला. नवा कागद चिकटवला. संध्याकाळपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसलो. तो फाटला नाही. बाबूभाई घरात गेले, पण माझ्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी नकाशा बदलला. धिरे काढल्यावर तोच आधार नव्या मजल्यानं द्यायचा होता, म्हणून मजलाही त्याच रेषेत हवा. शेठजींना पुण्यासारखं उंच दुकान हवं होतं.

"बुटकं दिसेल."

"दिसेल," मी म्हणालो.

दुकान बुटकंच झालं. शेठजींनी पुढचं काम दुसऱ्याला दिलं. तेव्हापासून पेठेतल्या मोकळ्या जागेचं काम आलं, की मी टेप काढण्याआधी दोन्ही शेजाऱ्यांची दारं वाजवतो. लाज वाटते, पण ती भिंतीपेक्षा स्वस्त पडते.