सरकीच्या तेलाची भजी आणि तिखटाची कंपनी

आमचा मळा अमरावतीपासून अशा अंतरावर होता, की पहाटे गाडी जुंपली तर उन्हं तापायच्या आत भाजी बाजारात उतरायची. वांगी, मिरची, मेथी, विहिरीच्या कडेने झेंडू, असा आमचा पिढ्यान्पिढ्यांचा माळीपणा. घरात आम्ही तिघेच. माझा थोरला भाऊ, त्याची बायको म्हणजे माझी वहिनी, आणि मी. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा असेन.

मग समुद्रापलीकडे अमेरिकेत कुठेतरी लढाई सुरू झाली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. त्या लढाईत कोण कोणाशी भांडते आहे, हे गावात कोणालाच धड सांगता येत नव्हते. तिकडचा कापूस बंदरात अडकला, म्हणून विलायतेच्या गिरण्यांना आपला लागतो, एवढे बाजारातल्या अडत्याने सांगितले होते. दादा लढाईच्या बाजूने होता. या पक्षाच्या किंवा त्या पक्षाच्या नव्हे, लढाईच्याच. ती लांबावी म्हणून त्याने अंबादेवीला नारळ फोडला. वहिनीला हे कळले तेव्हा तिने त्या नारळाच्या खोबऱ्याला हात लावला नाही. लोकांची पोरे मरत असतील तिथे, म्हणाली, आणि दोन दिवस त्याच्याशी कामापुरते बोलली.

पुढच्या हंगामात दादाने मिरचीच्या वाफ्यांवर नांगर फिरवला आणि सगळीकडे कपाशी पेरली. एकट्या त्यालाच का हसावे? सगळ्या शिवारात तेच चालले होते. ज्याच्या परसात तुळशीवृंदावनापलीकडे चार हात जागा होती, त्यानेही तिथे सरकी टोचली होती. फक्त विहिरीजवळचा एक पट्टा वाचला, कारण नांगर तिथे आला तेव्हा वहिनी मधोमध जाऊन बसली. दादाने बैल थांबवून तिला पुष्कळ समजावले. ती नुसती हरळी उपटत राहिली. शेवटी बैलच कंटाळले आणि वळले.

त्या सालच्या कापसावर दादाने भिंतीवरचे घड्याळ आणले. घरात कोणाला ते वाचता येत नव्हते. दादा रोज सकाळी मोठ्या गांभीर्याने चावी देई आणि मग अंगणात जाऊन, सूर्य कुठे आला ते पाहून, कामाला लागे.

अशा दिवसांत आमच्या गावी एक पाहुणे आले. डोक्याला पुणेरी पागोटे, हातात छत्री, काखेत कागदांची गुंडाळी. ते खामगावला एका कापूस-दलालाकडे कारकून होते, पण नोकरी सोडून आता मंडळी, म्हणजे भागीदारांची कंपनी, उभी करत होते. त्यांचे म्हणणे असे, की कापूस विलायतेला जातो आणि सरकी बैल खातात. त्या सरकीत तेल आहे. तिकडून यंत्र आणून अकोल्याला बसवले, की वऱ्हाडातल्या घराघरात सरकीचे तेल जाईल. कपाशीपायी तीळ आणि जवस कोणी पेरेनासे झाले होते, तेल मिळणे कठीण होते, म्हणून लोकांना हे पटत होते. ज्यांना भाग घ्यायचा असेल त्यांनी पुढच्या वेचणीतला कापूस त्यात घालायचा.

दादा पहिल्या दिवशीच तयार झाला. अर्धा कापूस घालतो म्हणाला. पाहुण्यांना त्याने आमच्याच घरी उतरवले आणि संध्याकाळी गावच्या पाटलासकट पाच-सात शेतकरी आमच्या ओसरीवर बसले. पाहुण्यांनी यंत्राचे चित्र उलगडून दाखवले. मग पिशवीतून एक बाटली काढली. हे सरकीचे तेल, म्हणाले. बाटली हातोहात फिरली. प्रत्येकाने ती उजेडाकडे धरून पाहिली. उजेड काही आरपार आला नाही.

वहिनी परक्या माणसाशी सरळ बोलत नसे. तो दोन हातांवर बसलेला असला तरी तिचे बोलणे माझ्यामार्फत जायचे. ती आतल्या दारात उभी राहिली.

"भाऊजी, पाहुण्यायले इचारा, या तेलात त्यायनं सोता कधी काही तळून खाल्लं काय?"

मी विचारले, म्हणजे नुसते पाहुण्यांकडे पाहिले. ते म्हणाले, "तसे नाही, पण विलायतेत लोक खातात, असे ऐकले आहे."

"इलायत लांब आहे म्हणा. चूल इथंच आहे."

दादाने तिच्याकडे डोळे वटारले, पण पाटलालाच ती गोष्ट आवडली. फुकटची भजी कोणाला नको असतात? वहिनीने बेसन कालवले, ओवा टाकला, आपल्या पट्ट्यातल्या हिरव्या मिरच्या चिरून घातल्या आणि कढई चढवली. बाटलीतले तेल कढईत पडले ते काकवीच्या रंगाचे. तापल्यावर त्याला असा फेस आला, की भजी त्यात दिसेनाशी झाली. घरभर ओल्या गोणपाटासारखा वास सुटला. वहिनीने चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. झाऱ्याने चाचपून चाचपून एकेक भजे बाहेर काढले आणि परात ओसरीवर पाठवली.

पहिला मान पाटलाचा. त्याने एक भजे तोंडात टाकले आणि फार वेळ चावले. मग म्हणाला, "कुरकुरीत आहे." बाकीच्यांनीही घेतले, कारण पाहुण्यासमोर नाही कसे म्हणायचे. दादाने तीन खाल्ली. त्याचा अर्धा कापूस पणाला लागला होता, तेव्हा त्याला चव नीट लागणेच शक्य नव्हते. सगळ्यांत शेवटी पाहुण्यांनी एक उचलले. ते चावता चावता थांबले. गिळले, पाणी प्यायले आणि उरलेला तुकडा परातीच्या कडेला ठेवून दिला.

"हे मला खाववत नाही," ते म्हणाले.

त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या क्षणापासून सुरू झाला. मंडळींना मात्र आपापली कामे आठवली. एकाची गाय विणार होती, एकाला पाणी द्यायचे होते. थोड्या वेळात ओसरीवर आम्ही घरचेच उरलो, आणि डोके खाली घालून बसलेले पाहुणे.

मग त्यांनी सगळे सांगितले. ते लबाड नव्हते. फसवायचेच असते, तर त्यांनी बाटलीत तिळाचे तेल भरून आणले असते. सरकीचे ढीग पाहून त्यांच्या डोक्यात हे वेड शिरले होते. अकोल्याच्या एका तेल्याच्या घाण्यात त्यांनी दिवसभर सरकी घालून पाहिली. सरकीला चिकटलेला कापूसच तेल पिऊन टाकी. संध्याकाळी एवढी एक बाटली निघाली आणि तेल्याने हात जोडून सांगितले, की पुन्हा इकडे येऊ नका. यंत्र आले की सगळे बरोबर होईल, असे ते स्वतःला सांगत राहिले. यंत्रासाठी त्यांनी मोर्णा नदीच्या काठी एक मोठी पडवी दोन वर्षांसाठी घेऊनही ठेवली होती. यंत्र मात्र अजून चित्रातच होते.

वहिनी हे सगळे आतून ऐकत होती. तिचे माहेर अकोल्याचे, त्यामुळे जागा तिला ठाऊक होती.

"भाऊजी, इचारा, पडवी गळते काय?"

गळत नाही, पाहुणे म्हणाले.

"अन् तिथं माणसं कोण राह्यते जवळपास?"

पाहुण्यांनी सांगितले, की कापसाच्या गाड्या हाकणारे गाडीवान नदीकाठी उतरतात, रेचे फिरवून कापसातली सरकी काढणारे मजूर आहेत, आणि आगगाडीच्या सडकेवर माती टाकणारे शेकडो लोक आहेत. खातात काय, असे तिने विचारले. भाकर आणि मीठ, ते म्हणाले, कारण बाजारात मिरचीच येत नाही. सगळ्यांनी कपाशी पेरली आहे.

वहिनी दाराबाहेर आली. मग पहिल्यांदाच ती सरळ पाहुण्यांशी बोलली.

"मंग यंत्र कायले पायजे? उखळ मांडा तिथं. मिरची मी देतो."

दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. तिखटाची कंपनी, म्हणाला. पण तेलाच्या मंडळीत अर्धा कापूस घालायला निघालेल्या माणसाला आता हात आखडता घेणे अवघड होते. वहिनीने त्याच्याकडे वरच्या वावराचा एक तुकडा मिरचीसाठी मागितला आणि लहान मुलाला खेळणे द्यावे तसा त्याने तो दिला. असे आमचे भाग ठरले. दादाची जमीन, पाहुण्यांची पडवी, वहिनीचे बियाणे आणि अक्कल, माझी गाडी आणि बैल. कागद झाला नाही. वहिनीने चौघांच्या हातावर गूळ ठेवला.

मिरची वाळल्यावर मी पोती भरून चार मुक्काम करत अकोल्याला गेलो. वहिनीही आली आणि माहेरी उतरली. माहेरच्या गल्लीतल्या पाच बायका तिने कांडायला आणल्या. पाहुण्यांना वाटले होते, की मिरची उखळात टाकायची आणि मुसळ मारायचे, झाले. पहिल्याच दिवशी त्यांनी एका उखळात मुसळ घातले आणि पुढचा तासभर ते नदीत तोंड बुडवून होते. वहिनीने मग सगळ्यांना शिकवले. देठ अर्धे ठेवून उन्हात एकदा तापवायची, कांडताना मिठाचा खडा आणि तिळाच्या तेलाचे बोट लावायचे, म्हणजे धूळ उडत नाही आणि रंग चढतो. नाकाला ओला पंचा. हाताची आग झाली तर दही.

तिखट आम्ही पळसाच्या पानांच्या पुड्यांत बांधायचो. पहिली परीक्षा एका गाडीवानाने घेतली. तो निमाडाकडचा, मिशा मोठ्या. त्याने सगळा पुडा भाकरीवर उलटला, कांदा फोडला आणि जेवायला बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तो जेवत होता. उठताना त्याने आणखी सहा पुडे मागितले. दुसऱ्या दिवशी त्याचा अख्खा तांडा आला. पाहुणे दारात निंबाखाली बसून पुडे देत आणि येईल त्याला तिखटाचे गुण असे काही सांगत, की आत कांडणाऱ्या बायका हसून मुसळ चुकत. गुण सांगण्याची त्यांना विद्याच होती. यापूर्वी सांगण्याजोगी वस्तू तेवढी मिळाली नव्हती.

दोन हंगाम असे गेले. आणि एके दिवशी अमरावतीच्या बाजारात दादाच्या कापसाकडे कोणी पाहीना. तिकडची लढाई संपली होती. अडत्या, जो कालपर्यंत दादाला पान देत होता, तो आज पाठ करून बसला. दादाने गाड्या भरलेल्या तशाच घरी आणल्या. मी तेव्हा घरी होतो. दोनदा तो भरल्या ताटावरून तसाच उठला, तेव्हा मला भीती वाटली. शेजाऱ्याला घराकडे लक्ष ठेवायला सांगून मी वहिनीला आणायला अकोल्याला निघालो.

मी पोचलो, तिला सांगितले आणि आम्ही परतीची बांधाबांध करत होतो, तोच पडवीच्या दारात दादा उभा. माझ्यामागून दोन दिवसांनी तो निघाला होता आणि कोणाच्या तरी घोडागाडीत बसून माझ्या पाठोपाठच पोचला होता. अंगावर धूळ, दाढी वाढलेली. आत पाच मुसळे चालली होती, ती थांबली. वहिनीने त्याला काहून आलात म्हणून विचारले नाही. तिने एक पंचा पाण्यात बुडवला, पिळला आणि त्याच्या हातात दिला.

"नाकाले बांधा," ती म्हणाली. "सवय नाई तुमाले."

दादाने पंचा बांधला आणि कोपऱ्यातले रिकामे उखळ पुढे ओढले. तो माळ्याचा मुलगा होता, मिरचीची त्याला ओळख द्यावी लागत नव्हती. संध्याकाळपर्यंत त्याने चार पायल्या कांडल्या आणि मग बायकांना सांगू लागला, की तुमची मिरची जाड राहते. त्या सगळ्या तोंडाला पदर लावून हसल्या. रात्री तो पोटभर जेवला.

आगगाडी अकोल्याला आली तेव्हा पाहुण्यांच्या अंगात पुन्हा वारे शिरले. तिखट मुंबईला न्यायचे. दोन पोती घेऊन ते गाडीत चढले. एक पोते वाटेत उसवले. डब्यात आधी एक शिंकला, मग दहा, मग सगळाच डबा, आणि भुसावळ येताच लोकांनी त्यांना पोत्यांसकट खाली उतरवले. पाहुण्यांनी तिथेच फलाटाबाहेर बसून दोन्ही पोती दोन दिवसांत विकली. भुसावळची माणसे तिखटाची चाहती निघाली. त्यांनी तिथेच दुकान घातले आणि पुढे आम्हालाच मागणी पाठवू लागले, इतकी पोती, उसवलेली नकोत.

अकोल्याची पडवी आम्ही आणखी काही वर्षे चालवली. मग आगगाडीने लांबची स्वस्त मिरची यायला लागली, वहिनीलाही मिरचीचा तो खकाणा सोसेना. आम्ही उखळे कांडणाऱ्या बायकांना देऊन टाकली आणि मळ्यात परतलो. दादाने वरच्या वावरात अर्धी कपाशी ठेवली, अर्धी मिरची. किती कुठे पेरायचे, हे तो मृगाच्या आधी वहिनीला विचारू लागला, आणि विचारले हे गावात कोणाला सांगू नको, असे मला बजावी.

वहिनी मात्र सगळ्यांना सांगायची.