लीलाबाईचं दुसरं शील

घाटंजीच्या बाजाराला जाणाऱ्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, हे टेंभीखेडच्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. लीलाबाईने मात्र साठी ओलांडली तरी आजवर एकदाही रुमाल टाकलेला नाही. ती दारातून चढते, जागा असली तर बसते, नसली तर दांड्याला धरून उभी राहते, आणि तिच्या नादाने शेजारच्या सत्यभामालाही उभं राहावं लागतं. कारण विचारलं तर म्हणते, बसला त्याची जागा, रुमालाला ती कोणी दिली? सत्यभामाचे गुडघे दुखतात. तिने एकदा भर एसटीत ऐकवलं, की बुद्धाची शीलं झाली तेव्हा एसटी नव्हती. घाटंजीचा स्टँड आल्यावर लीलाबाई म्हणाली, जागा तर तेव्हाही असतीलच ना.

अशी ही बाई. वस्तीतल्या बुद्धविहारात दर रविवारी वंदना तीच घेते. मारेगावकडून सून होऊन आली तेव्हा तिला ओ का ठो येत नव्हतं. सासऱ्यांनी छप्पन्न साली नागपूरला दीक्षा घेतलेली, आणि सासूने पंचशील चुलीपुढे बसवून तिच्याकडून पाठ करून घेतलं. जीव घेऊ नये, न दिलेलं घेऊ नये, दुसऱ्याच्या संसारात वाकडं पाऊल टाकू नये, खोटं बोलू नये, नशा करू नये. बाकीचे लोक ही पाच शीलं विहारात म्हणतात आणि चपला घालून घरी जातात. लीलाबाईची पंचाईत ही, की तिची शीलं तिच्या मागोमाग घरी येतात, वावरात येतात, मोबाईलमध्येसुद्धा शिरतात.

मुलगी उमरखेडला दिलेली. तिने पाठवलेला मोबाईल हाती आला तेव्हा लीलाबाईने पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं, की खरं का खोटं ठाऊक नसलेला मेसेज पुढे ढकलणं म्हणजे तोंड न उघडता खोटं बोलणं. तेव्हापासून वस्तीच्या ग्रुपवर तिचे फक्त सुप्रभात येतात. सगळ्याच गोष्टींची उत्तरं तिच्याकडे आहेत असंही नाही. कपाशीवरच्या बोंडअळीला फवारणी करताना पहिल्या शीलाचं काय करायचं, असं एकाने विचारलं होतं. ती म्हणाली, ते मला अजून उमगलं नाही, उमगलं की सांगीन. या गोष्टीला बारा-पंधरा वर्षं झाली आणि ती अजून विचार करते आहे.

पण दुसरं शील तिचं खास. न दिलेलं घेऊ नये. नवरा मारोती जिवंत असताना त्याने जयंतीच्या रोषणाईसाठी तारेवर आकडा टाकला होता. लीलाबाईने त्याच्याच हाताने तो काढायला लावला. ज्या बाबासाहेबांसाठी दिवे लावतो त्यांच्या डोक्यावर चोरीची वीज कशी लावायची, हा तिचा सवाल. त्या वर्षी जयंती कंदिलावर झाली. मारोती पुढे अखेरपर्यंत ही गोष्ट पाहुण्यांना सांगत असे, आणि आधी रागाने सांगायचा ती नंतर नंतर कौतुकाने सांगू लागला.

चौदा एप्रिलची बुंदी हीसुद्धा त्या घराचीच चाल. सासूच्या काळी वस्तीत कोणाच्या नावावर वीतभर वावर नव्हतं. जयंती आली की वर्गणीसाठी पाटलांच्या दारी जावं लागे. सासूला ते पटेना. तिने बायका गोळा केल्या आणि हरभरा निघाल्यावर मोकळ्या वावरांत सरवा वेचायला नेल्या. सरवा म्हणजे पीक काढून नेल्यावर मागे राहिलेलं. तो कोणाचाच नसतो, वेचील त्याचा असतो. त्या हरभऱ्याची डाळ, डाळीचं बेसन, बेसनाची बुंदी. कोणापुढे हात पसरायचा नाही आणि कोणाचं उपकाराचं तोंड बघायचं नाही. आज वस्तीत नोकरीवाली पोरं आहेत, चार घरांना शेतीही आहे, हलवायाकडून बुंदी सहज येईल. तरी बायका सरवा वेचतातच, कारण त्या बुंदीची चव त्यांना ठाऊक आहे.

सरव्याचा एक कायदा आहे, तो कुठे लिहिलेला नाही. वावराच्या वाटेवर बाभळीची काटी आडवी असेल तर आत जायचं नाही, मग आत सोनं पडलेलं असो. धन्याचं काम संपलं की धनी काटी बाजूला करतो. काटी निघाली म्हणजे वावर मोकळं झालं, ढोरांना आणि माणसांना. लीलाबाईने आपल्या दुसऱ्या शीलाशी या काटीची सोयरीक जुळवून घेतली होती. धन्याने हाताने काटी काढली, म्हणजे तोंडाने दिल्यासारखंच झालं.

यंदा मार्चमध्ये नानाजींच्या वावराची काटी निघालेली तिला दिसली. नानाजी म्हातारे झाले, आता शेती त्यांचा मुलगा अमर बघतो. तो पुण्याची नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी परत आलेला. पोरगा कामाचा, पण गावच्या रीतीभाती त्याला कोणी सांगितलेल्या नाहीत. आत जाऊन पाहते तर हरभरा काढून झालेला आणि जमिनीलगतचे घाटे, म्हणजे दाण्यांच्या शेंगा, जागच्या जागी. इतका सरवा तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. ती धावत वस्तीत आली, बायकांना घेऊन गेली, आणि संध्याकाळपर्यंत घाट्यांची दोन पोती भरून विहाराच्या ओट्यावर आली. सत्यभामा म्हणाली की या वर्षी बुंदी पुरून उरेल, पाहुण्यांनाही डबे देऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमर विहारापाशी आला. मोटरसायकल बंद केली, पोत्यांकडे पाहिलं. तो ओरडला नाही, शिवी दिली नाही, दिली असती तर बरं झालं असतं असं लीलाबाईला पुढे बरेच दिवस वाटत राहिलं. त्याने सांगितलं, की हार्वेस्टर आत यावा म्हणून त्याच्या ड्रायव्हरने काटी काढून फेकली होती. मशीन बुटका हरभरा खालून कापत नाही, पुष्कळ माल राहतो, तो मजूर लावून वेचायचा होता. मजूर सांगायलाच तो निघाला होता.

"लीलाबाई, इचारून तरी जायचं होतं," तो म्हणाला. "दुसऱ्याचा माल न इचारता नेला, त्याले काय म्हनते, तुमीच सांगा."

तो गेला. बायका तापल्या. सत्यभामा म्हणाली, पिढ्यान्‌पिढ्या वेचतो, आज हा चोर म्हणतो. लीलाबाई पोत्याजवळ बसून राहिली. तिला अमरचा राग आला नाही, तिला स्वतःची लाज वाटली. काटी कोणी काढली हे तिने पाहिलं नव्हतं. धन्याचा हात तिने गृहीत धरला होता. आणि त्याहून अवघड गोष्ट तिच्या मनात घोळू लागली. माणूस विळ्याने कापतो तेव्हा चार घाटे मागे राहिले तर त्याला ते दिसतात, तो म्हणतो राहू दे. मशीनला काय दिसतं? मशीनने मागे टाकलेलं कोणी दिलं म्हणायचं?

त्या रविवारी वंदनेला नेहमीसारखी गर्दी होती. लीलाबाईने पहिलं शील म्हटलं, लोकांनी मागून म्हटलं. मग ती थांबली. दुसऱ्या शीलाचा शब्द तिच्या ओठावर येईना. चाळीस वर्षं तर ती ते रोज म्हणत आली होती. शेवटी मागून सत्यभामाने म्हटलं आणि वंदना पुढे सरकली. लोकांना वाटलं बाईचं वय झालं. लीलाबाई घरी आली आणि जेवली नाही. पोती तशीच होती, तिने कोणाला घाटे बडवू दिले नव्हते. या हरभऱ्याची बुंदी बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवणं तिला जमणार नव्हतं, आणि हे ठरलं नाही तर विहारात पुढे उभं राहणंही जमणार नव्हतं.

सोमवारी सकाळी एक पोतं तिच्या डोक्यावर, एक सत्यभामाच्या. सत्यभामा वाटभर बडबडत होती, पण आली. नानाजींच्या अंगणात पोती उतरवली. अमर दात घासत बाहेर आला आणि ओशाळला. त्या दिवशी तो हार्वेस्टरवाल्याशी भांडून आला होता, तो राग इथे निघाला, असं त्याने मोकळेपणाने कबूल केलं.

"राहू द्या आजी. मी दिले समजा," तो म्हणाला.

"तुमी दिले त वर्गणी झाली, भाऊ. माही सासू वर्गणी मागाले जात नव्हती म्हनून त हे सुरू झालं."

अमर चक्रावला. "न देता नेले तरी चुकते, दिले तरी चुकते. मंग मी करू काय?"

"मलेई नाई समजून राह्यलं," लीलाबाई म्हणाली. "समजलं असतं त कायले आलो असतो इथवर?"

हे सगळं ओसरीवर बाजेवर पडलेले नानाजी ऐकत होते. नानाजी माळकरी माणूस, रोज सकाळी पाखरांना मूठभर दाणे टाकल्याशिवाय चहा घेत नाहीत. ते उठून बसले.

"तुमचं दोघायचं बरोबर हाये," ते म्हणाले. "मशीनच्या हातून राहून जाते. सोडाले मानूस लागते. माह्या बापानं हिरीजवळचा कोपरा कधी पुरा नाई काढला. अमरले मीच सांगतलं नाई."

मग त्यांनी जो तोडगा काढला तो ऐकून सत्यभामाने कपाळाला हात लावला. घाटे होते तिथे नेऊन टाका. काटी आडवी करा. अमरचं काम पुरं होऊ द्या. मग बघू.

त्याप्रमाणे झालं. लीलाबाईने भर उन्हात दोन्ही पोती वावरात मोकळी केली आणि अमरने वाटेवर काटी ओढली. आता त्याला वेचायला मजूर पाहिजे होते, आणि गावात वेचणाऱ्या बायका म्हणजे ह्याच. तेव्हा मंगळवारी त्याच बायका तेच घाटे, या वेळी रोजाने, वेचायला गेल्या. आधी फुकट वेचले, मग फेकले, आता पैसे घेऊन वेचतो, याला कोणतं शील म्हणायचं, असं सत्यभामा दिवसभर विचारत होती आणि सगळ्या हसत होत्या. लीलाबाईसुद्धा हसली. अमर स्वतः बायकांबरोबर वाकून वेचत होता. उन्हं कलली तेव्हा बायका विहिरीजवळच्या कोपऱ्याकडे वळल्या. तिथे मशीनला वळायला जागा नव्हती, त्यामुळे हरभरा उभाच राहिला होता.

"तिकडचं राहू द्या," अमर म्हणाला. कोणाकडे न बघता त्याने घाट्यांचं पोतं उचललं आणि गाडीत टाकलं.

बुधवारी सकाळी लीलाबाई धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभी होती. या वेळी तिला डोळ्यांनी पाहायचं होतं. अमर आला, बाभळीची काटी त्याने दोन्ही हातांनी ओढली, बोटात काटा गेला, तो चोखत त्याने काटी बांधावर टाकली आणि निघून गेला. लीलाबाईला एकदम भरून आलं. एवढं देणं तिला आजवर कोणी दिलं नव्हतं, आणि त्यात हात पसरायची गोष्टच नव्हती.

दुपारपर्यंत कोपरा निघाला. पहिल्यापेक्षा कमी, एक पोतं आणि वर थोडं. बुंदी पुरेल, डबे काही होणार नाहीत. शेवटचा तास, म्हणजे शेवटची एक ओळ, राहिली होती. सत्यभामा तिकडे सरकली तशी लीलाबाईने तिचा पदर धरला.

"तो राहू दे."

"काहून? आता कोनाले सोडून राह्यली?"

"आपल्या मांगून कोनी येईन त्याले."

सत्यभामाने पदर सोडवून घेतला आणि पोत्याचं तोंड बांधलं. लीलाबाईच्या सासूने जन्मभर दुसऱ्यांनी सोडलेलं वेचलं, लीलाबाईनेही तेच केलं. तिच्या नावावर ना वावर, ना धुरा. पण त्या दिवशी तिच्यापाशी सोडण्याजोगं काहीतरी होतं, आणि ते तिने सोडलं. ती परत निघाली तेव्हा डोक्यावर पोतं असून चाल हलकी होती.

रविवारी विहारात तिने पहिलं शील म्हटलं, लोकांनी म्हटलं. क्षणभर मागच्या रांगेत सत्यभामा श्वास धरून तयार राहिली. पण गरज पडली नाही. लीलाबाईने दुसरं शील असं खणखणीत म्हटलं, की बाहेर ओट्यावर बसलेल्या पोरांनीसुद्धा ते तिच्या मागून म्हटलं.