ठळक न छापलेला आकडा

"मावशी, एकट्या किडनीनं जेवढं काम करायला पाहिजे, त्याच्या निम्मंच तुमची करतेय," संभाजीनगरचे डॉक्टर बोलले. एक किडनी लेकाला, दत्ताला, देऊन काही वर्षं झालती. आलो होतो आम्ही त्याच्या तपासणीला!

तुमीबी कुणाला किडनी दिली असंल, तर बाई गं, हे ऐका.

आम्ही नांदूरघाटचे. ऑपरेशननंतर सगळ्यांचा जीव दत्ताच्या रिपोर्टात. मी सगळ्यांच्या लेखी धडधाकट, दवाखान्यात डबा धरून बाकड्यावर बसणारी. कधीमधी बीडला माझं क्रिएटिनिन बघायचे. क्रिएटिनिन म्हणजे अंगातल्या मांसातनं रक्तात येणारा कचरा. किडनी तो लघवीवाटं काढती. आमच्याकडं रिपोर्ट वाचायची एकच रीत हाय, आकडा ठळक छापलाय का बघायचं. हद्दीबाहेर गेलेला आकडाच तेवढा ठळक छापतात. मालक कागद उजेडात धरून म्हणायचे, "ठळक न्हाई. पास झालीस बघ!" मी हसायची. पाय सुजायचे, तरी हसायची.

यावेळी डॉक्टरांची नजर त्या पायांवर गेली. देव त्यांचं भलं करो. जुने कागद बघून बोलले, "तुमच्या अंगावर मांस आहे कुठं? मांस कमी, तर कचराही कमी. किडनी थकली तरी आकडा चांगलाच दिसणार." मग डीटीपीए स्कॅन केला. शिरेत औषध टोचतात आन् किडनी ते किती भरभर गाळती ते यंत्रावर बघतात. त्या गाळण्याच्या मापाला जीएफआर म्हणतात. तेच माझं निम्मं भरलं.

गेलेलं परत येत न्हाई, असं त्यांनी तोंडावरच सांगितलं. राहिलंय तेवढं सांभाळायचं. बीपीची गोळी, मीठ कमी, अंगदुखीची गोळी मनानं घ्यायची न्हाई.

एष्टीत दत्ता खिडकीकडं तोंड करून बसला. तसाच बोलला, "आई, तुजी तुला परत देता येती का गं?"

"येडा हाईस का? उसनी साखर हाय व्हय ती?"

तो हसला न्हाई. "असं व्हणार हे ठावं असतं, तर दिली असतीस?"

"दिली असती. पर तुमच्या मागं लागून मलाबी नीट तपासून घेतलं असतं."

त्यानं डोळे पुसले. मी त्याला पुसू दिले.

त्याला डायलिसिसच्या खाटेवर बघवत नव्हतं, म्हणून मी किडनी दिली. आता मला त्या खाटेवर बघायची पाळी त्याच्यावर येऊ न्हाई, एवढ्यासाठी जपून ऱ्हाते.