दोन ओळींचा प्रोग्रॅम

आमच्या हिशेबखात्यात कॉम्प्युटर येणार होता. त्याची ‘बेसिक’ नावाची भाषा न शिकणाऱ्याची बदली देवनारच्या गोदामात होणार, हे साहेबांनी सांगून टाकलं होतं. म्हणून घाटकोपर स्टेशनबाहेरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मी नवशिक्यासाठी पुस्तक शोधत होतो. तेव्हा घरी कॉम्प्युटर कुणाकडे असणार? प्रोग्रॅम पानावर बोट फिरवत मनातच चालवायचा.

शेजारी इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ तेच करत होता. त्याचं बोट दोनच ओळींवर खाली-वर फिरत होतं आणि ओठ हलत होते.

“सोपं आहे का हो हे?” मी विचारलं.

“सोपं आहे, पण घेऊ नका. पहिली ओळ तुमचं नाव छापते. दुसरी म्हणते, परत पहिलीवर जा.”

“मग बंद करा ना पुस्तक.”

“तसं कुठे लिहिलंय?” बोट थांबलं नव्हतं.

मला ते बघवेना. त्याच्या हातातलं तेच पुस्तक मी विकत घेतलं. “सुटलो,” तो म्हणाला.

दुसऱ्या संध्याकाळी तो तिथेच उभा होता. रिकाम्या तळहातावर बोट खाली-वर फिरत होतं.

पुस्तक मी उघडलंच नाही. देवनारची बदली मुकाट्याने घेतली.