वहिनींची सही

वाचनालयात ती ताई, घरी वहिनी, आणि दोन्हीकडे ख्याती एकच: ही बाई 'का?' विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही. दृष्टी नसलेल्यांच्या त्या वाचनालयात ब्रेल पुस्तकं छापायचं काम तिच्याकडे होतं. मागच्या खोलीत एक बोजड छपाईयंत्र, शेजारी कॉम्प्युटर, भिंतीला टेकलेल्या जाड कागदांच्या थप्प्या. यंत्र सुरू झालं की टेबलावरचा पेला थरथरत काठाकडे निघायचा आणि ती न बघताच त्याला मागे ढकलायची.

एका सकाळी घड्याळजी काका एका कादंबरीचा पहिला भाग काखोटीला मारून आले. हयातभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. उतारवयात डोळे गेले, तर हट्टाने बोटांनी वाचायला शिकला. पुस्तक टेबलावर ठेवत म्हणाले, "हे घे. आणि वाचकांतून माझं नाव काढून टाक."

"का?"

"बोटं गेली माझी. ओळीच्या सुरुवातीचं अक्षरच लागत नाही. सगळीकडे नाही, मधूनमधून. केसाएवढी स्प्रिंग चाचपून ओळखायची ही बोटं, आता नुसत्या काड्या राहिल्यात."

"दुसरा भाग छापतेय. तेवढा वाचा, मग काढते नाव."

"तेवढाच. तुझ्या शब्दाखातर."

पण छापणार कसं? जुना कॉम्प्युटर नुकताच निवर्तला होता, आणि तिच्या धाकट्या दिराने बसवून दिलेला नवा कॉम्प्युटर छपाईयंत्राला ओळखच देईना.

कॉम्प्युटरच्या गाभ्यात एक कारभारी असतो, त्याला कर्नेल म्हणतात. नाटकातल्यासारखा पडद्यामागे उभा राहून सगळी सूत्रं तो हलवतो. गरज पडली तर चालू प्रयोगात एखादं नवं पात्रही आत घेतो. ते पात्र म्हणजे मॉड्यूल, एक छोटा प्रोग्राम. गंमत अशी, की एकदा आत शिरलेल्या मॉड्यूलला मज्जाव कुठेच नाही. दिवे, पडदा, गल्ला, सगळं त्याच्या हाताशी. म्हणून सावध कारभारी दारातच विचारतो, तुझ्यावर सही कुणाची?

छपाईयंत्र चालवणारं मॉड्यूल दिराने शिकत असताना लिहिलेलं, बिनसहीचं. जुना कर्नेल 'डाग लागला' अशी नोंद करून, कुरकुरत का होईना, आत सोडायचा. नव्या कर्नेलने दार लावून घेतलं.

"त्यात काय वहिनी, तपासणीच बंद करतो. चुटकीसरशी होईल," दीर म्हणाला.

"म्हणजे दार तुमच्यापुरतं उघडणार, की सगळ्यांना?"

"सगळ्यांना. पण इथे येतंय कोण?"

"बरं भाऊजी, तो जुना डाग. तुमचं मॉड्यूल काढून टाकलं तरी तो राहायचा. का?"

दिराने मान खाजवली. "आत असताना ते काय काय करून गेलं, हे कर्नेलला कळायला मार्ग नाही. म्हणून कॉम्प्युटर पुन्हा सुरू होईपर्यंत तो खात्री देत नाही."

"शहाणा आहे की."

"माझ्यापेक्षा?"

"तुमच्यापेक्षा कोण असणार. दुसरा मार्ग सांगा."

दुसरा मार्ग होता. स्वतःची किल्ली बनवायची, त्या किल्लीने मॉड्यूलवर सही करायची आणि कर्नेलला सांगायचं, ही सही आमची, आम्ही जबाबदार.

"म्हणजे सही माझी? मग आधी वाचून दाखवा काय लिहिलंय ते."

"वहिनी, घरच्या माणसावर अविश्वास?"

"तुमच्या दादांनी केलेला चहासुद्धा मी चाखल्याशिवाय पाहुण्यांपुढे नेत नाही."

दीर तोंड फुगवून बसला आणि एकेक ओळ समजावू लागला. तिचे प्रश्न सुरूच. तो म्हणाला, "ही चाळीस घरं. कागदावरच्या एका ओळीत चाळीसच अक्षरं मावतात."

"आणि ओळ संपली हे यंत्राला कसं कळतं?"

"शेवटच्या अक्षरापुढे मी एक खूण ठेवतो."

"ओळ काठोकाठ भरली असेल तर?"

"तर पुढच्या..." दीर थांबला. त्याने पडद्यावरची घरं बोटाने मोजली. "पुढचं घर या ओळीचं नाहीच, वहिनी. ते खालच्या ओळीचं पहिलं. माझी खूण त्या अक्षरावर बसते. ते पुसलं जातं."

ती उठली आणि काकांचं पुस्तक घेऊन आली. दोघं डोक्याला डोकं लावून पानं चाळू लागली. जिथे जिथे ओळ पूर्ण भरलेली, तिथे तिथे खालच्या ओळीचं पहिलं घर सपाट.

"इतकी वर्षं कुणी बोललं कसं नाही?" दिराचा आवाज उतरला होता.

"यंत्राला कोण बोलणार? बिचारे आपल्या बोटांनाच बोल लावत असतील."

दिराने प्रत्येक ओळीला खुणेसाठी एक घर वाढवलं, किल्ली बनवली, सही झाली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू होताना मधेच एक निळा पडदा आला: ही किल्ली मान्य करायची तर समोर बसलेल्या माणसाने परवलीचा शब्द द्यावा. हे काम दुरून होत नाही. तिने खुर्ची पुढे ओढली, एकेक अक्षर बघून दाबलं. कर्नेलने मॉड्यूल आत घेतलं, कुरकुर न करता, आणि पेला टेबलावरून निघाला.

काका आले तेव्हा दीर माफी मागायला मुद्दाम थांबला होता. काकांनी दुसऱ्या भागाचं पहिलं पान उघडलं. बोटं ओळीच्या शेवटापर्यंत गेली, खाली उतरली, न अडखळता पुढे निघाली. पुढची ओळ. तिच्या पुढची. पान उलटलं.

"काका," दीर खाकरला, "तुमच्या बोटांचा काही दोष नव्हता. ती चूक माझ्या..."

काकांनी डावा हात वर केला. उजवा कागदावर धावतच होता.

"भाषण मागाहून कर रे बाबा. इथे सासू-जावयाची जुंपलीय."