मांडी घालून बसलेला अंतराळवीर

राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीच्या मंडळासाठी चन्नवीर दरवर्षी का राबतो, असं कुणी विचारलं तर त्याचं उत्तर ठरलेलं असतं. "उपकार हाईत," एवढंच म्हणतो आणि हातातल्या लाकडाकडे वळतो. बोलण्याच्या बाबतीत हा गडी पक्का चिक्कू. त्याची बायको शिवगंगा म्हणते, ह्यांचे शब्द फाउंड्रीतच संपतात, घरापर्यंत पोचतच नाहीत.

चन्नवीर शिरोली एमआयडीसीत पॅटर्न बनवतो. पॅटर्न म्हणजे ओतकामाआधी करायचा लाकडाचा नमुना. तो वाळूत दाबून काढायचा आणि राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. दिवसभर हे काम करून दुसरा कुणी घरी जाऊन आडवा झाला असता. चन्नवीरच्या अंगात मात्र श्रावण लागला की गणपतीच्या देखाव्याचं वारं शिरायचं.

दोन हजार एक साली मंडळाचा अध्यक्ष कृष्णात याच्या डोक्यात नवंच खूळ आलं. त्याचा धंदा केबलचा, त्यामुळे इंग्रजी सिनेमे पाहून त्याचं डोकं कायम आभाळात. त्यानं गोष्ट रचली. एका भयंकर ग्रहावर गेलेली तुकडी बेपत्ता होते. खूप वर्षांनी दुसरे अंतराळवीर तिला शोधायला उतरतात. वादळ, विषारी धूर, आणि शेवटी एका गुहेत त्या हरवलेल्या माणसांचे अवशेष सापडतात. सगळ्यांना गोष्ट आवडली. ग्रह आणि अवशेष चन्नवीरकडे आले.

त्यानं मान डोलावली, पण हरवलेल्या माणसाची गोष्ट त्याच्या घरातलीच होती. त्याचा थोरला भाऊ सोमशेखर, घरातला अण्णा, रस्त्याच्या ठेकेदाराबरोबर हिमालयात मशीन चालवायला गेला होता. तिथं बर्फाचा कडा कोसळला. पुढच्या उन्हाळ्यात मशीन सापडलं, अण्णा सापडला नाही. त्यांच्या लिंगायत घरात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. त्याला खड्ड्यात मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात आणि आपली माणसं माती देतात. अण्णानं जाताना गळ्यातलं लिंग काढून देवघरात ठेवलं होतं. ग्रीसच्या कामात कुठंतरी पडायचं म्हणाला. ते घरात राहिलं आणि देह बर्फात. त्यांची आई बाळव्वा तेव्हापासून एकच गोष्ट विचारायची, "त्याला कुणी बसवलं असंल का रं?" यावर चन्नवीर चपला घालून बाहेर पडायचा.

तर चन्नवीर कामाला लागला. फाउंड्रीतली जळकी काळी वाळू आणून मांडवात पसरली, वर तांबडी काव भुरभुरली, आणि ग्रह असा झाला की पाहूनच घसा कोरडा पडावा. मग गुहेतले हरवलेले वीर केले. मोटारसायकलची हेल्मेटं, चंदेरी रंग दिलेले कपडे, आत लाकूड आणि पेंढा. देखावा उघडायच्या आदल्या दुपारी कृष्णात बघायला आला आणि कपाळाला हात लावला. सगळे वीर ओळीनं, ताठ, मांडी घालून बसले होते.

"मेलेली माणसं अशी बसत्यात व्हय? ही तर पंगतीला बसल्यागत दिसत्यात."

चन्नवीर गोंधळला. मेलेलं माणूस आडवं पडतं हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं तसं केलं होतं. कृष्णातनं समजावलं की ती मेली आहेत हेच लोकांना कळणार नाही, सांधे कापून त्यांना उद्यापर्यंत आडवं पाड. त्याचंही चूक नव्हतं. चन्नवीरनं करवत उचलली.

तेवढ्यात बाळव्वा त्याचा जेवणाचा डबा घेऊन आली. गुहेपुढं आली आणि थबकली.

"ह्येंला कुणी बसवलं?" तिनं विचारलं.

"म्या," चन्नवीर म्हणाला.

ती डबा तिथंच ठेवून घरी गेली आणि देवघरातलं अण्णाचं लिंग घेऊन परत आली. वाळू तुडवत गुहेत शिरली. कडेच्या वीराचा डावा तळहात मांडीवर उताणा होता. चन्नवीरनं तो तसा का केला, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. बाळव्वानं त्यावर लिंग ठेवलं. हेल्मेटच्या काचेवर, कपाळ असतं तिथं, विभूती ओढली. मूठभर काळी वाळू त्याच्या पायांशी सोडली आणि तिथंच बसून पहिल्यांदा मोकळेपणी रडली. बातमी आली तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

कृष्णातनं चन्नवीरच्या हातातली करवत काढून घेतली.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "बसू देत त्यास्नी."

त्यानं गोष्टीचा शेवटही बदलला. शोधायला आलेल्या वीरांची कामं करणारे गल्लीतले तरुण आता त्या बसलेल्यांना एकेक मूठ माती देऊन मगच यानात चढायचे. पहिल्या दिवशी काही पोरं हसली. नंतर मात्र बायका तिथं थांबून हात जोडू लागल्या. बक्षीस काही मिळालं नाही.

विसर्जनानंतर मांडव उतरला, तेव्हा कृष्णातनं आपणहून टेंपो आणला. कडेचा वीर तळहातावरच्या लिंगासकट उचलून त्यात ठेवला आणि चन्नवीरच्या घरच्यांना घेऊन गडहिंग्लजकडच्या त्यांच्या गावी गेला. गावच्या जंगमस्वामींनी, म्हणजे लिंगायतांच्या पुरोहितांनी, बाळव्वाचं सगळं ऐकून घेतलं आणि होकार दिला. शेतात वडिलांच्या समाधीशेजारी खड्डा काढला, अण्णाला बसवलं. भाऊबंदांनी माती दिली. कृष्णात त्यांच्यातला नव्हता, तरी चपला काढून त्यानंही एक मूठ टाकली.

निघताना बाळव्वानं त्याचे दोन्ही हात धरले. "बर्फातनं माझ्या लेकराला घरी आणलास, बाबा," म्हणाली. एरवी गल्लीभर ओरडणाऱ्या कृष्णातनं तिला हळूच हात देऊन टेंपोत चढवलं.

चन्नवीर टेंपोत बसला आणि बोलायला लागला. अण्णानं त्याला पोहायला कसं शिकवलं, उसाच्या फडात कसं लपवून ठेवलं, जाताना काय म्हणाला, सगळं. कृष्णात गाडी हळू चालवत ऐकत होता. मागं बाळव्वा शिवगंगेच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती. तो प्रश्न तिनं पुन्हा कधी विचारला नाही.